मुलूख कोकणचा, राजा माद्रिदचा

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बाजारात पपईची पाटी घेऊन बसलेल्या बाईला हे फळ कुठून आलं असं विचारलं, तर ती शेजारच्या शिवाराचं नाव सांगेल. तिचं उत्तर बरोबरच आहे. मात्र शिवारात येण्याआधी पपईनं अर्धी पृथ्वी पालथी घातलेली आहे. यान लिन्स्कोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या चाकरीत होता. पुढे १५९६ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात पपईची नोंद आहे. हे फळ स्पेनच्या अमेरिकेतल्या मुलखातलं. फिलिपिन्सच्या बाजूनं ते मलाक्क्याला पोचलं आणि तिथून हिंदुस्थानात आलं, असं तो सांगतो. या वाटेवरचा एकेक मुक्काम नकाशावर पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. अमेरिका, मनिला, मलाक्का आणि शेवटी गोवा, चौल, वसई या सगळ्या ठिकाणांचा धनी त्या वर्षांत एकच होता, स्पेनचा राजा दुसरा फिलिप.

मराठी वाचकाला हे वाक्य खटकतं. शाळेच्या पुस्तकात समुद्रावरून येणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो: पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच. स्पेनचा धडा अमेरिकेत सुरू होतो आणि तिथेच संपतो. वसईचा किल्ला पोर्तुगीजांचा, रेवदंडा पोर्तुगीजांचा, जुनं गोवं पोर्तुगीजांचं. हे खोटं नाही. पण १५८० ते १६४० या साठ वर्षांत खुद्द पोर्तुगालचा मुकुटच स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. शिवनेरीवर शिवराय जन्मले तेव्हा वसईत ज्याच्या नावानं कारभार चाले, तो राजा माद्रिदला बसत होता.

हे घडलं एका फसलेल्या मोहिमेतून. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियान ऑगस्ट १५७८ मध्ये मोरोक्कोतल्या अल्कासर किबीरच्या लढाईत पडला. त्याला मूल नव्हतं. गादीवर आलेला वृद्ध कार्डिनल हेन्री जानेवारी १५८० मध्ये वारला. मग फिलिपनं आजोळचा हक्क पुढे केला, कारण त्याची आई इसाबेल ही पोर्तुगालचा राजा मानुएल याची मुलगी. हक्काच्या कागदामागोमाग आल्बाच्या ड्यूकचं सैन्य लिस्बनमध्ये शिरलं. एप्रिल १५८१ मध्ये तोमारच्या सभेत पोर्तुगीज सरदारांनी त्याला राजा मानलं, पण अटी घालून. पोर्तुगालचा कारभार वेगळा राहील, हुद्दे पोर्तुगीजांनाच मिळतील, हिंदुस्थानचा व्यापार पोर्तुगीजांच्याच हाती राहील. त्याच वर्षी गोव्यात नव्या राजाच्या नावानं शपथा झाल्या. ना तोफ उडाली, ना निशाण बदललं.

त्यामुळे वसईच्या बंदरावर उतरणाऱ्या कोळ्याला किंवा आगराचा खंड भरणाऱ्या कुळाला फरक कळला असेल असं मानायचं कारण नाही. मराठीनं तर या सगळ्यांसाठी एकच शब्द ठेवला होता, फिरंगी, आणि त्यांच्या मुलखाला फिरंगाण.

फरक होता तो कागदांत. माद्रिदला ‘पोर्तुगालचं मंडळ’ बसे. तिथे ठरलेली गोष्ट लिस्बनला जाई, मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या जहाजांवर चढे आणि वारं साथीला असलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला लागे. उत्तर घेऊन जहाजं पावसाळ्याआधीच परत फिरत. एका प्रश्नाला उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं सहज जात. जहाज बुडण्याचं भय असल्यानं एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांवर घालत. मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या या पत्रव्यवहाराच्या वह्यांना ‘मोन्सोंइश’ची पुस्तकं, म्हणजे मोसमी वह्या, हेच नाव पडलं. त्यांतल्या काही आज लिस्बनला आहेत, बाकीच्या पणजीला. गोव्याचा दप्तरखानाही याच काळातला. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या इतिहासकाराला राजानं दप्तराचा रखवालदार नेमलं. घारापुरीची आणि कान्हेरीची लेणी पाहून त्यांची वर्णनं लिहून ठेवणारा हाच कोतु. पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला तो या दप्तरखान्यातल्या कागदांवर.

पैशाच्या ओढाताणीत मात्र माद्रिदचा हात थेट कोकणापर्यंत पोचला. युरोपातल्या लढायांनी खजिना कोरडा पडला, तेव्हा १६१४च्या सुमाराला हिंदुस्थानातल्या किल्ल्यांच्या कप्तान्या आणि इतर हुद्दे सरसकट विकायला काढले गेले. जास्त बोली लावेल त्याला जागा. ‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. विकत घेतलेल्या जागेचे पैसे कप्तान कुणाकडून वसूल करत असेल, हे सांगायला दप्तर उघडावं लागत नाही.

आता शहराकडे. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह करून पोर्तुगीजांना दिली. पण आज चिमाजी अप्पांच्या पराक्रमाची जागा म्हणून आपण जे पडके वाडे आणि कमानी पाहतो, त्यांतलं बरंच काही भरास आलं ते दुसरा, तिसरा आणि चौथा अशा तिन्ही फिलिपांच्या काळात. डॉमिनिकन साधूंचा मठ १५८३चा. संत जोसेफच्या मुख्य चर्चमधला शिलालेख सांगतो की आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या वेळी, १६०१ मध्ये, हे मंदिर वाढवलं गेलं. चौथ्या फिलिपच्या हुकमावरून अंतोनियु बोकार्रू यानं १६३५ मध्ये सगळ्या किल्ल्यांची वर्णनं आणि नकाशे यांचं पुस्तक तयार केलं. वसईत चारशे पोर्तुगीज कुटुंबं आणि दोनशे देशी ख्रिस्ती कुटुंबं असल्याचं त्यात येतं. गुलामांची संख्या याहून कितीतरी मोठी होती. आसपासची गावं पोर्तुगीज घराण्यांना ठरावीक खंडावर, बहुधा तीन पिढ्यांच्या कराराने दिलेली असत. साष्टी आणि मुंबई बेटं वसईच्याच हाताखाली. ‘उत्तर प्रांता’ची ही राजधानी लाकूड, जहाजबांधणी आणि दगड यांवर जगत होती.

दगडाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च, जिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलं आहे, ते १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालं. भिंती तांबड्या जांभ्याच्या, पण दर्शनी बाजूच्या कोरीव कामाचा काळा दगड वसईहून गलबतांनी नेलेला. व्हाइसरॉयची कमान १५९९ची, सांता मोनिकाचा मठ १६०६ ते १६२७चा, आग्वादचा किल्ला १६१२चा, आणि से कॅथेड्रलचं मुख्य बांधकाम संपलं १६१९ मध्ये. पर्यटकांना ‘पोर्तुगीज गोवा’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यातल्या ठळक इमारतींची तारखांसह यादी केली, तर निम्म्याहून जास्त वेळा राजा माद्रिदचा निघतो.

वसईचा एक माणूस मात्र खऱ्या अर्थानं स्पेनच्या राज्यात जगला आणि त्याच राज्याच्या भांडणात मेला. गोन्सालो गार्सिया हा १५५७च्या सुमाराला वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट पंथाच्या साधूंकडे शिकला आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्यानं चांगली आत्मसात केली, पण जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही. मग त्यानं व्यापार केला आणि फिरत फिरत मनिला गाठली. तिथे स्पॅनिश फ्रान्सिस्कनांनी त्याला आपल्यात घेतलं.

इथे एका छत्राखालची दोन राज्यं एकमेकांशी कशी वागत, ते दिसतं. जपान हे पोर्तुगीजांच्या बाजूनं गेलेल्या जेझुइटांचं क्षेत्र. १५८५ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीनं तसा हुकूमच काढलेला. पोर्तुगीज मकाव आणि स्पॅनिश मनिला यांच्यात व्यापार करायला खुद्द राजाची बंदी, आणि ती पुन्हापुन्हा घालावी लागत होती, यावरूनच ती किती पाळली जात असेल ते कळतं. अशा वेळी १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून फ्रान्सिस्कन साधू पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले. त्यांचा दुभाषा होता वसईचा गोन्सालो. म्हणजे हिदेयोशीच्या दरबारात स्पेनच्या वतीनं जो आवाज उमटला, तो एका वसईकराचा.

१५९६ मध्ये मनिलाहून अमेरिकेला निघालेलं सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळानं जपानच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला, आणि जहाजावरच्या सुकाणूदारानं आधी साधू येतात आणि मागून सैन्य येतं अशी फुशारकी मारली, असं सांगितलं जातं. पोर्तुगीज जेझुइट आणि स्पॅनिश फ्रान्सिस्कन पुढे शतकभर याचा दोष एकमेकांवर ढकलत राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं गेलं. गोन्सालो त्यांतला एक. ८ जून १८६२ रोजी पोपनं या सव्विसांना संतपद दिलं आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून वसईकर गोन्सालोला मानतात. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या चर्चला आज त्याचं नाव आहे, गावात त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. ज्या जेझुइटांनी घेतलं नाही, त्यांच्याच चर्चला त्याचं नाव, हा योगायोग वसईत फारसा कुणाला टोचत नाही.

चौलची कहाणी थेट परभणी जिल्ह्यात येऊन भिडते. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीचा. फरिश्त्याच्या इतिहासाप्रमाणे पाथरीच्या एका ब्राह्मण घरातला मुलगा बहामनींच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावानं मोठ्या पदाला चढला. त्याचा मुलगा अहमद निजामशाहीचा संस्थापक. पूर्वजांचं गाव आपल्याकडे असावं म्हणून पहिल्या बुऱ्हाण निजामशहानं पाथरी मागितली. वऱ्हाडच्या इमादशहानं ती दिली नाही, तेव्हा लढाई करून घेतली. ज्या घराण्यानं पाथरीसाठी गोदावरीकाठी तलवार उपसली, त्याच घराण्याचं समुद्राकडचं दार म्हणजे चौल.

चौल दोन होते. वरचं चौल निजामशाहीचं, आणि समुद्राच्या तोंडावरचं, तटबंदीचं खालचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा, फिरंग्यांचं. इराण-अरबस्तानचे घोडे इथे उतरत, घाटावरचा माल इथून बाहेर जाई. चौलच्या रेशीम विणकरांचं कौतुक लिन्स्कोटेननं केलं आहे. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं रेवदंड्याला महिनोन् महिने वेढा घातला होता, पण तेव्हा राजा पोर्तुगीज होता. फिलिपच्या काळात झगडा पुन्हा पेटला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. बुऱ्हाणचा हिशेब चोख होता. त्या उंचीवर तोफा चढल्या असत्या तर रेवदंड्याच्या बंदरात गलबत शिरलंच नसतं. सप्टेंबर १५९४ मध्ये फिरंग्यांनी कोर्लईवर हल्ला करून तो घेतला. निजामशाहीची मोठी हानी झाली. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला आणि मोगल अहमदनगरच्या दारात येऊन उभे राहिले. चांदबिबीनं ज्या वेढ्याला तोंड दिलं, त्याच्या मागे कोर्लईचा हा ताजा घाव होता. मराठी इतिहासग्रंथांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात, म्हणून त्यांची जोड दिसत नाही. कोर्लईच्या पायथ्याशी आजही हजाराच्या आत माणसं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

स्पेनचं खरं राज्य कोकणाबाहेरही पोचलं ते चांदीच्या रूपानं. १५४५ मध्ये सापडलेल्या पोतोसीच्या खाणीची चांदी आठ रेआलच्या नाण्यांच्या रूपात लिस्बनमार्गे आणि मनिलामार्गे, दोन्ही बाजूंनी इकडे येत होती. साधारण सत्तावीस ग्रॅम वजनाचं हे नाणं मोगली टांकसाळीत वितळे आणि रुपया होऊन बाहेर पडे. दख्खनच्या बाजारात कापसाच्या किंवा घोड्याच्या बदल्यात मिळालेल्या रुपयात अमेरिकेच्या डोंगरातली चांदी असे. खाणीत राबून मेलेल्या तिथल्या इंडियन मजुरांची गोष्ट या रुपयावर कोरलेली नव्हती, इतकंच.

आता मुख्य प्रश्न. या साठ वर्षांनी काही बदललं का? अनेक अभ्यासक म्हणतात, फारसं नाही. कारभार पोर्तुगीजच होता. हे म्हणणं अर्धंच पटतं. कारभार पोर्तुगीज राहिला, पण शत्रू स्पेनचे आले, आणि शत्रूंनीच या किनाऱ्याचं भविष्य ठरवलं.

नेदरलँड्सचे डच हे स्पेनविरुद्ध बंड करून उठलेले. लिस्बनच्या बाजारातून मसाला घेऊन उत्तर युरोपात विकणं हा त्यांचा धंदा. लिस्बन फिलिपचं झालं आणि त्यानं डच जहाजांना ते बंद करण्याचे हुकूम काढले, तेव्हा डच स्वतःच मसाल्याच्या मुळाशी निघाले. लिन्स्कोटेनचं पुस्तक त्यांच्यासाठी वाटाड्या ठरलं. १६०२ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. इंग्लंडचंही तेच. त्याच्यावर चालून गेलेल्या १५८८च्या स्पॅनिश आरमारात पोर्तुगीज जहाजं होती, आणि १५९२ मध्ये हिंदुस्थानातून मसाला, कापड, जवाहीर भरून निघालेलं माद्रे दे देउस हे प्रचंड जहाज इंग्रजांनी अझोरेस बेटांजवळ पकडून डार्टमथला नेलं. पूर्वेत काय आहे हे लंडनच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. ३१ डिसेंबर १६०० रोजी त्यांच्या कंपनीला सनद मिळाली.

त्यानंतरच्या घटना भराभर येतात. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीज जहाजांना झोडपलं. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचं रहीमी हे जहाज परवाना असूनही पकडलं आणि बादशहाच अंगावर घेतला. दमणला वेढा पडला. १६२२ मध्ये इराण आणि इंग्रज यांनी मिळून होर्मुझ घेतलं आणि चौल-गोव्याच्या घोडेबाजाराचा उगमच हातचा गेला. ऑक्टोबर १६२६ मध्ये डच-इंग्रज आरमारानं मुंबई बेटावर उतरून घरं जाळली. मुंबईच्या कोळीवाड्यांना माद्रिदशी वैर असायचं कारण नव्हतं. युरोपात इंग्लंड आणि हॉलंड स्पेनशी लढत होते, आणि माहीम-माझगावची वस्ती त्या राजाच्या नावावर होती, एवढंच निमित्त.

त्यात निसर्गानंही घाला घातला. मे १६१८ मधल्या वादळानं वसई-मुंबईचा किनारा उद्ध्वस्त केला.

या धामधुमीत मराठीला मात्र काही मिळालं, आणि ते अनपेक्षित बाजूनं. १५८३ मध्ये गोव्याकडच्या साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या लोकांनी देवळं पाडणाऱ्या सत्तेविरुद्ध उठून पाच जेझुइट साधूंना मारलं. त्यांत अकबराच्या दरबारात राहिलेला रोदोल्फो आक्वाविवा होता. सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं गेलं. इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय तर आधीपासून चालूच होतं. आणि याच साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट ओव्या रचत होता. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं; सुमारे अकरा हजार ओव्या. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच साधूचं संत पीटरवरचं मराठी पुराण १६२९चं. स्टीफन्सनं लिहिलेलं इथल्या भाषेचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये, म्हणजे स्पेनच्या अमलाच्या शेवटच्या वर्षी, छापून निघालं. मराठी-कोंकणीच्या छपाईचा आरंभ फिलिपांच्या काळात झाला, हे त्यांच्या उदारपणाचं प्रमाणपत्र नव्हे. बाटवलेल्या माणसाला नव्या धर्मात टिकवायचं तर त्याच्या कानाला ओळखीची ओवी हवी, हे त्या साधूंना कळलं होतं. पोर्तुगाल पुन्हा स्वतंत्र झाल्यावर १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयनं देशी भाषेवर बंदीचा हुकूम काढला. स्पॅनिश वाईट आणि पोर्तुगीज बरे, किंवा त्याच्या उलट, असं सोपं माप इथे लागू पडत नाही.

१ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये बंड होऊन ब्रागान्साचा ड्यूक राजा झाला. ती बातमी १६४१ मध्ये गोव्याला पोचली आणि नव्या नावानं शपथा झाल्या. पण स्पेननं पोर्तुगाल सोडला नव्हता. लढाई आणखी अठ्ठावीस वर्षं चालली. एकट्या पोर्तुगालला ती झेपणारी नव्हती, त्याला इंग्लंडची मदत हवी होती. म्हणून १६६१ मध्ये राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि आंदणात मुंबई बेट गेलं. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियु द मेलु द कास्त्रू यानं खूप विरोध केला, ताबा द्यायला वर्षं लावली. मुंबई का गेली या प्रश्नाला आपल्याकडे ‘हुंड्यात गेली’ असं उत्तर देतात. हुंडा का द्यावा लागला, तर स्पेनच्या भीतीनं.

फेब्रुवारी १६६८ मध्ये लिस्बनला तह झाला आणि स्पेननं पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. मुंबई देऊन टाळायचं होतं ते संकट टळलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात चार्ल्सनं मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.